एकाच घरातले दोघे बोर्डावर: एचओएबद्दल वाचकांचे प्रश्न

घरमालकांच्या संघटनेत, म्हणजे एचओएत, नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी बोर्डावर किंवा समित्यांवर असावं का, याबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं टेक्सस, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या तीन राज्यांच्या कायद्यांना धरून आहेत. पत्रं तिथलीच आहेत आणि या एका प्रश्नावर तिन्ही राज्यांनी तीन निरनिराळ्या वाटा धरल्या आहेत. दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी आधी राज्याचा कायदा, मग सीसीअँडआर (वस्तीतल्या घरांना बांधणारा, नोंदवलेला मूळ दस्तऐवज), मग संघटनेचे आर्टिकल्स (स्थापनेचा कागद) आणि बायलॉज (कारभाराचे नियम), आणि शेवटी नियमपुस्तिका अशा क्रमाने वाचावं. वरच्याने जे मना केलं ते खालच्याला देता येत नाही.

प्रश्न: आमच्या वस्तीत ६४ घरं आहेत आणि बोर्डावर पाच जागा. एक जागा कधीची रिकामी आहे, कोणी पुढेच येत नाही. मी सेक्रेटरी आहे. माझे यजमान नुकतेच निवृत्त झाले, त्यांच्याकडे वेळ आहे आणि तयारीही. बाकीच्या तिघांचा होकार आहे. मग मॅनेजमेंट कंपनी का नको म्हणते?
— एक वाचक, टेक्सस

उत्तर: कंपनी बरोबर सांगते आहे. टेक्सस प्रॉपर्टी कोडच्या २०९व्या प्रकरणात २०२१ साली दुरुस्ती झाली. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे नियम असा आहे की, बोर्डावरच्या एका सदस्याबरोबर त्याच मुख्य निवासस्थानी राहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला बोर्डावर बसता येत नाही. कायदा लग्नाबद्दल बोलतच नाही, एका छताखाली राहण्याबद्दल बोलतो. त्यामुळे सासरे आणि सून, दोन भाऊ, आई आणि तिच्याकडे राहणारा मुलगा, सगळे त्यात येतात. दहापेक्षा कमी घरांच्या संघटनेला यातून सूट आहे. तुमची ६४ घरं आहेत, म्हणजे सूट नाही. बाकीच्या तिघांचाच काय, सगळ्या घरांचा होकार आणलात तरी फरक पडत नाही, कारण हा हक्क तुमच्या वस्तीने द्यायचा नाहीच.

हे डावलून त्यांना घेतलंत तर लगेच काही होणार नाही, आणि धोका तिथेच आहे. दोन वर्षांनी एखाद्या घरमालकावर दंड बसेल किंवा घरावर लीन, म्हणजे थकबाकीपोटी बोजा, चढेल, तो वकील करेल, आणि त्या ठरावाला मत देणारे सगळे पात्र होते का हे तो वकील सगळ्यात आधी तपासेल. ठराव ३ विरुद्ध २ असा झाला असेल आणि त्या तिघांत तुमचे यजमान असतील, तर दंडाचं मूळ प्रकरण कितीही खरं असलं तरी संघटनेला आपल्याच बोर्डाचा बचाव करत बसावं लागेल.

त्यांचा वेळ वाया मात्र घालवू नका. बागकाम, पोहण्याचा तलाव, वस्तीतले कार्यक्रम, अर्थसंकल्पाचा कच्चा मसुदा अशा सल्ला देणाऱ्या समित्यांवर ते काम करू शकतात. घराच्या बाहेरच्या बदलांना परवानगी देणारी आर्किटेक्चरल समिती मात्र सोडा. ४० हून अधिक लॉट (घरांचे भूखंड) असलेल्या टेक्ससच्या संघटनेत बोर्डावरचा सदस्य, त्याचा नवरा किंवा बायको आणि त्याच्या घरात राहणारी कोणतीही व्यक्ती त्या समितीवर सहसा असू शकत नाही. कारण सरळ आहे. त्या समितीने अर्ज नाकारला की घरमालक ३० दिवसांच्या आत बोर्डापुढे सुनावणी मागू शकतो. खाली बायकोने नाकारायचं आणि वर नवऱ्याने ऐकायचं, हे कायद्याला नको आहे.

तिसरा मार्गही आहे. तुम्ही राजीनामा द्या आणि ती जागा त्यांना मिळू द्या. खुर्ची एकच, माणूस बदलला, याला हरकत नाही.

एक खुलासा: हे २०९वं प्रकरण कॉन्डोमिनियमला, म्हणजे मालकीच्या फ्लॅट्सच्या वसाहतीला, लागू नाही, त्यांचा कायदा वेगळा आहे.

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या आमच्या टाउनहोमच्या डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, फक्त पत्नीचं नाव आहे. ती बोर्डावर आहे. येत्या निवडणुकीत मलाही उभं राहायचं आहे. डीडवर माझं नाव चढवलं की झालं ना?
— एक वाचक, सॅन होजे परिसर

उत्तर: नाही झालं. उलट नव्या अडचणी सुरू होतील.

आज तुम्ही संघटनेचे सदस्यच नाही. कॅलिफोर्नियात सदस्यत्व मालकीबरोबर येतं, लग्नाबरोबर नाही, आणि सदस्य नसलेल्याला उमेदवारी नाकारणं संघटनेला बंधनकारक आहे. नाव चढवलंत की तुम्ही सदस्य व्हाल, पण त्याच क्षणी पत्नीचे सहमालकही व्हाल. सहमालकांपैकी एक आधीच बोर्डावर असेल किंवा त्याच निवडणुकीत रीतसर उमेदवार असेल, तर दुसऱ्याला अपात्र ठरवण्याची मुभा तिथला सिव्हिल कोड (कलम ५१०५) संघटनेला देतो. मुभा देतो, सक्ती करत नाही. ही अट तुमच्या बायलॉजमध्ये किंवा निवडणूक नियमांत लिहिलेली असेल तरच लागू होते. तेव्हा आधी ते दोन कागद काढा. त्याच कलमात एक वर्षापेक्षा कमी सदस्यत्व असलेल्यालाही अपात्र ठरवण्याची मुभा आहे. तुमच्या संघटनेने ती घेतली असेल, तर नाव चढल्यावरही तुम्हाला वर्षभर थांबावं लागेल.

दोन्ही अटी नियमांत नसतील तर तुम्ही उभे राहू शकता. कोणी घाईघाईने त्या घालायला निघालं, तर निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत निवडणूक नियम बदलता येत नाहीत आणि नियमबदलाआधी सदस्यांना २८ दिवसांची सूचना द्यावी लागते, हे लक्षात असू द्या. शिवाय अपात्र ठरवण्यापूर्वी उमेदवाराला संघटनेअंतर्गत तंटा मिटवण्याची संधी देणं बंधनकारक आहे.

हा नियम सहमालकांसाठी आहे, जोडप्यांसाठी नाही. एक घर पत्नीच्या एकटीच्या नावावर आणि दुसरं तुमच्या एकट्याच्या नावावर असतं, तर तुम्ही एकाच घराचे सहमालक ठरला नसता आणि ही अट तुम्हाला लागली नसती. टेक्ससमध्ये मात्र तुम्ही दोघे एकत्र राहत असता तर तेवढ्यानेच अडला असता.

केवळ खुर्चीसाठी डीड बदलू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. पती-पत्नीतल्या हस्तांतरामुळे कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचं फेरमूल्यांकन होत नाही हे खरं, पण कर्ज देणारी बँक, टायटल विमा (मालकीहक्काचा विमा) आणि वारसाहक्काची कागदपत्रं या तिन्हींवर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्यासाठी वेगळं कारण असेल तर जरूर करा.

प्रश्न: फ्लोरिडात माझ्या बहिणीच्या कॉन्डोत नवरा-बायको एकत्र बोर्डावर नसतात म्हणे. आमच्या एचओएत तर अध्यक्ष आणि खजिनदार नवरा-बायकोच आहेत. राज्य एक, मग नियम दोन कसे?

उत्तर: कारण कायदे दोन आहेत. कॉन्डोमिनियमसाठी ७१८वं प्रकरण आणि घरांच्या एचओएसाठी ७२०वं. दहाहून अधिक युनिट्सच्या निवासी कॉन्डोत एका युनिटच्या सहमालकांना एकाच वेळी बोर्डावर बसता येत नाही. त्याला अपवाद दोन: त्यांच्याकडे एकाहून अधिक युनिट्स असतील, किंवा रिकाम्या जागा भरायला पुरेसे पात्र उमेदवारच नसतील. ७२०व्या प्रकरणात अशी मनाई नाही. उलट, काही अपवाद सोडता प्रत्येक सदस्य बोर्डासाठी पात्र आहे, असं ते म्हणतं. मात्र फ्लोरिडातल्या एचओएच्या संचालकाने निवडून आल्यापासून ९० दिवसांच्या आत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि ते प्रत्येकाने आपापलं. दोघांनी मिळून एक कोर्स केला असं चालत नाही.

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या आमच्या छोट्या संघटनेत तीन जणांचं बोर्ड आहे. त्यात मी आणि माझी बायको. आमची घरं लग्नाआधीची, वेगवेगळ्या नावांवर, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही. पण तिसरे गृहस्थ सारखे म्हणतात की, सगळं तुमच्या घरीच ठरून येतं. आम्ही प्रामाणिकपणे काम करतो. त्यांना काय उत्तर द्यावं?
— एक वाचक, सान डिएगो

उत्तर: उत्तर देण्याआधी त्यांचं म्हणणं कायद्याच्या बाजूने पाहा. ते जे म्हणतात ते खरं असेल तर तुम्ही नकळत बेकायदा बैठका घेत आहात.

कॅलिफोर्नियात बोर्डाची बैठक म्हणजे काय, याची व्याख्या अशी: कोरम भरेल इतके संचालक एकाच वेळी एका ठिकाणी जमून संघटनेच्या कामाबद्दल ऐकत, चर्चा करत किंवा विचार करत असतील तर ती बैठक. तिघांच्या बोर्डाचा कोरम सहसा दोन. तुम्ही दोघे जेवायला बसलात आणि छताच्या कंत्राटाचा विषय निघाला, की ती बैठक झाली. तिची सूचना दिलेली नाही, सदस्यांना ऐकायची संधी नाही, इतिवृत्त नाही. साध्या बैठकीसाठी किमान चार दिवस आधी विषयपत्रिकेसह सूचना लावावी लागते, आणि बंद दाराआडची बैठक असेल तर दोन दिवस आधी. ईमेलवर चर्चा करून निर्णय घेण्यालाही तिथे बंदी आहे. अपवाद तातडीच्या प्रसंगाचा, तोही सगळ्या संचालकांची लेखी संमती असेल तरच. फ्लोरिडातही कोरम भरून कामकाज चाललं की ती बैठक, तिची सूचना ४८ तास आधी लावायची, आणि संचालकांनी ईमेलवर मत द्यायचं नाही.

बोर्ड पाच जणांचं असतं तर तुम्ही दोघे मिळून कोरम होत नाही, म्हणून घरातलं बोलणं ‘बैठक’ ठरलं नसतं. पण तिथेही आकडे मांडून पाहा. पाच जणांच्या बोर्डाचा कोरम तीन. दोघे सदस्य आले नाहीत, तुम्ही दोघे आणि आणखी एक जण बसलात, तर बैठक वैध आहे आणि तुमची दोन मतं म्हणजे बहुमत. पाच जणांच्या बोर्डाचा निर्णय एका घराने घेतला. सात जणांच्या बोर्डाचा कोरम चार, बहुमत तीन, तेव्हा कुठे तुम्हाला तिसऱ्याचं मन वळवावं लागतं. म्हणून जोडपं बोर्डावर असेल तर जागा निदान पाच हव्यात, आणि कोरम जेमतेम भरलेल्या बैठकीत पैशाचा कोणताही विषय पुढे ढकलायचा, असा बोर्डाने स्वतःपुरता ठराव करून ठेवावा. तुमच्या तिघांच्या बोर्डावर हे करायचं तर आधी बायलॉजमधली संचालकांची संख्या वाढवावी लागेल. त्यासाठी बहुतेक ठिकाणी सदस्यांचं मतदान लागतं.

तोपर्यंत घरात काय बोलायचं याची रेषा आखून घ्या. बैठक कितीला आहे, कागद आले का, तू जाणार का, इतकं चालतं. कोणाची निविदा चांगली, अमक्याला दंड करावा की नाही, तू कोणत्या बाजूने, हे चालत नाही. एकच ईमेल पत्ता दोघांनी वापरू नये. बोर्डाच्या कामासाठी प्रत्येकाचा वेगळा पत्ता असावा, कारण उद्या कोर्टात किंवा सदस्याच्या मागणीवरून पत्रव्यवहार द्यायची वेळ आली तर कोणी काय कधी वाचलं हे त्यातूनच कळतं. बैठकीचे कागद प्रत्येकाने स्वतंत्र वाचावेत आणि आपलं कारण बैठकीतच, सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं. मतं नावानिशी इतिवृत्तात लिहावीत. फ्लोरिडाच्या एचओएत प्रत्येक संचालकाचं मत किंवा तटस्थता नोंदवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, ती पद्धत इतरांनीही घ्यावी. वर्षभराच्या इतिवृत्तात तुम्हा दोघांची मतं एकदाही वेगळी दिसली नाहीत, तर तिसऱ्या गृहस्थांची शंका त्या कागदावरच उभी राहते.

आणि एक चूक जोडपी सर्रास करतात. बायको प्रवासात असेल तर ‘तिचं मत हो समजा’ असं नवरा सांगतो. सदस्यांच्या सभेत प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देणं, चालू शकते, पण बोर्डाच्या बैठकीत संचालकाला प्रॉक्सीने मत देता येत नाही, कॅलिफोर्नियातही नाही आणि फ्लोरिडातही नाही. फोन किंवा व्हिडिओवर स्वतः हजर राहावं, नाहीतर ते मत नाही.

प्रश्न: माझी पत्नी खजिनदार, मी अध्यक्ष. चेकवर आम्हा दोघांच्या सह्या लागतात, म्हणजे दोन सह्यांचा नियम पाळला जातो. तरी हिशेब तपासणाऱ्या नव्या सीपीए बाई म्हणतात हे चालणार नाही. विश्वास नाही म्हणायचं का?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: तुमच्यावर अविश्वास नाही. दोन सह्या कशासाठी असतात ते पाहा. एकाची चूक किंवा लबाडी दुसऱ्याच्या नजरेत यावी आणि ती लपवण्यात दुसऱ्याचा फायदा नसावा, म्हणून. एका घरात दोन सह्या झाल्या की दोन माणसं असतात, नजर एकच. लपवण्यासाठी दोन अनोळखी माणसांना कट करावा लागतो, एका घरात मात्र कोणी काही न बोलताही गप्प राहू शकतं. तुम्ही तसं करणार नाही. पण तुमच्यानंतर त्या जागांवर येणाऱ्या जोडप्याबद्दल तुम्ही हमी देऊ शकत नाही, आणि व्यवस्था माणूस पाहून बदलत नसते.

कॅलिफोर्नियात राखीव निधीतून पैसे काढायला किमान दोघांच्या सह्या लागतात. ५० किंवा कमी घरांच्या संघटनेत ५,००० डॉलर, त्याहून मोठ्या संघटनेत १०,००० डॉलर, किंवा वार्षिक चालू अर्थसंकल्पात धरलेल्या उत्पन्नाच्या ५ टक्के, यांपैकी जे कमी असेल त्याहून मोठी रक्कम हलवायला बोर्डाची आधी लेखी मंजुरी हवी. खात्यांचा ताळमेळ दर महिन्याला पाहायचा असतो. बैठक नसेल त्या महिन्यात खजिनदार आणि आणखी एक संचालक मिळून तो पाहू शकतात, मग पुढच्या बैठकीत बोर्डाने त्याला मान्यता द्यायची. तुमच्या रचनेत तो ‘आणखी एक’ म्हणजे तुम्हीच. कायद्याची अक्षरं पाळली जातील आणि तपासणी मात्र झालेलीच नसेल.

बदल एका आठवड्यात होण्यासारखा आहे. पुढच्या बैठकीत ठराव करा की सह्यांचा अधिकार असलेल्यांत एकाच घरातले दोन जण नसतील. त्या ठरावाची प्रत बँकेत देऊन सिग्नेचर कार्ड बदला. पण नुसत्या चेकच्या सह्यांवर विसंबू नका. पुष्कळ बँका आता चेकवर दोन सह्या आहेत का हे बघत नाहीत आणि खात्याच्या करारात तसं लिहूनही टाकतात. आणि आज बहुतेक पैसे ऑनलाइन जातात, तिथे सहीच नसते. म्हणून व्यावसायिक खात्यात दुहेरी मंजुरीची सोय सुरू करून घ्या: एकाने पैसे पाठवायची नोंद करायची, दुसऱ्या घरातल्याने मंजूर करायची. दोघांचे लॉगिन वेगळे, आणि लॉगिनचे कोड वेगवेगळ्या फोनवर. कोड घरातल्या एकाच फोनवर येत असतील तर ती दुहेरी मंजुरी नावालाच आहे.

बँकेचं मासिक स्टेटमेंट तिसऱ्या संचालकाला थेट बँकेकडून मिळू द्या, खजिनदाराने पुढे पाठवलेलं नको. पैसे हलवण्याचा अधिकार नसलेलं, फक्त बघण्यापुरतं लॉगिन बँका देतात. त्या संचालकाने तीनच गोष्टी पाहायच्या: अनोळखी नाव, नेमके मंजुरीच्या मर्यादेच्या थोडे खालचे आकडे, आणि चालू व राखीव खात्यांमध्ये झालेली देवघेव. घोटाळे बहुतेक इथेच दिसतात, आणि प्रामाणिक चुकाही इथेच सापडतात.

विम्याकडेही बघा. कॅलिफोर्नियात संघटनेचा फिडेलिटी विमा (आतल्या माणसांनी केलेल्या अफरातफरीचा) राखीव निधी अधिक तीन महिन्यांच्या असेसमेंटइतका, म्हणजे घरमालकांच्या वर्गणीइतका, तरी असावा लागतो आणि त्यात संगणकावरून किंवा पैसे वळवून केलेली फसवणूकही धरावी लागते. त्याच्या अर्जात आतल्या नियंत्रणांबद्दल प्रश्न असतात. सह्या करणारे दोघे नवरा-बायको असतील तर ते अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर दावा करायच्या वेळी तोच मुद्दा निघेल. सगळ्यात सोपा उपाय म्हणाल तर, दोघांपैकी एकाने पद बदलावं. अध्यक्ष आणि सेक्रेटरी असं जोडपं चालून जातं. अध्यक्ष आणि खजिनदार असं असू नये.

प्रश्न: मी बोर्डावर आहे, माझ्या मिस्टरांची लँडस्केपिंगची कंपनी आहे. वस्तीचं काम त्यांनी इतरांपेक्षा स्वस्तात केलं असतं. मी फक्त मतदानाच्या वेळी हात वर केला नाही तर पुरे का?
— एक वाचक, टेक्सस

उत्तर: पुरे नाही. टेक्ससमध्ये बोर्डावरच्या व्यक्तीशी, तिच्या नात्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नातेवाइकाशी, किंवा अशांपैकी कोणाचा नफ्यात किमान ५१ टक्के हिस्सा असलेल्या कंपनीशी करार करायचा तर वाट ठरलेली आहे. मिस्टरांनी निविदा भरायची. संबंध नसलेल्यांच्या आणखी किमान दोन निविदा संघटनेने मिळवायच्या, त्या भागात मिळण्यासारख्या असतील तर. त्या निविदा तुम्ही बघायच्या नाहीत, चर्चेत बसायचं नाही, मतही द्यायचं नाही. नातं आणि हिस्सा बोर्डासमोर पूर्ण उघड करायचा. उरलेल्यांच्या बहुमताने मंजुरी मिळाली की या सगळ्या अटी पाळल्याचं बोर्डाने ठरावात लिहून प्रमाणित करायचं. ५०,००० डॉलरहून मोठं काम असेल तर निविदा मागवणं तसंही बंधनकारक आहे.

गडबड होते ती ‘चर्चेत बसायचं नाही’ इथे. तुम्ही मतदान टाळता, पण खोलीत बसून राहता, आणि काम कसं करावं याची यादी तुम्हीच लिहून दिलेली असते. ती यादी मिस्टरांच्या यंत्रांना आणि माणसांना सोयीची निघाली तर बाकी सगळं व्यर्थ. कामाची व्याख्या ठरत असतानाच बाजूला व्हा, खोलीबाहेर जा, आणि गेल्याची व परत आल्याची वेळ इतिवृत्तात लिहून घ्या.

‘कंपनी त्यांची, माझा संबंध नाही’ हेही टिकत नाही. टेक्सस आणि कॅलिफोर्निया दोन्ही कम्युनिटी प्रॉपर्टीची राज्यं आहेत. लग्नानंतरची कमाई साधारणपणे दोघांची मानली जाते. हिस्सा ५१ टक्क्यांहून कमी असेल तरीही उघड सांगाच. फ्लोरिडाच्या एचओएत अशा कराराला हजर असलेल्या संचालकांपैकी दोन तृतीयांशांचा होकार लागतो, आणि सदस्यांच्या पुढच्या सभेत तो उघड करावा लागतो. तिथे सदस्य बहुमताने करार रद्दही करू शकतात.

प्रश्न: बोर्डावर फक्त मी आहे. बैठका झूमवर होतात आणि मी स्वयंपाकघरातून जोडली जाते. नवरा आसपास असतो. तो कुठे काही बोलतो?

उत्तर: तो बोलत नसेल, पण ऐकतो. उघड बैठकीत याने काही बिघडत नाही. बंद बैठकीत बिघडतं. तिथे कोणाचे हप्ते थकले, कोणाला दंड करायचा, खटल्यात वकिलाने काय सल्ला दिला, हे निघतं. वकिलाचा सल्ला गुप्त ठेवण्याचा हक्क संघटनेचा आहे, एका संचालकाच्या घराचा नाही. बाहेरच्या कानावर तो पडला तर पुढे कोर्टात त्याची गुप्तताच वादात येते. दार लावा, इअरफोन घाला, आणि सुरुवातीला सगळ्यांनी ‘खोलीत मी एकटीच आहे’ असं सांगायची प्रथा पाडा. कागद घरच्या सामायिक प्रिंटरवर छापून तसेच ठेवू नका.

प्रश्न: आम्ही दोघेही बोर्डावर आहोत आणि आता वेगळे होतो आहोत. कोणी तरी एकाने सोडायलाच हवं का?

उत्तर: कायद्याने लगेच नाही. घटस्फोटात घर एकाच्या नावावर झालं आणि दुसऱ्याने क्विटक्लेम डीड (आपला हक्क सोडल्याचा दस्त) करून दिलं, की दुसऱ्याचं सदस्यत्व संपतं आणि बायलॉजमध्ये सदस्य असण्याची अट असेल तर जागाही रिकामी होते. तोवर दोन गोष्टी करा. तुमच्या घराशी संबंधित कोणताही विषय, म्हणजे थकबाकी, दंड, कुंपण, निघाला की दोघांनीही बाहेर जायचं, एकाने नाही. आणि संचालकांच्या दायित्वाच्या विम्यात एका विमाधारकाने दुसऱ्यावर केलेले दावे वगळले आहेत का, हे एजंटला लेखी विचारा, कारण तुम्ही दोघे एकाच पॉलिसीत आहात. कागदपत्रांचे पासवर्ड आणि सह्यांचा अधिकार मात्र आजच तिसऱ्याकडे द्या. भांडणात संघटनेचं खातं अडकलेलं कोणालाच परवडत नाही.

प्रश्न: फ्लोरिडाच्या आमच्या एचओएत एका घरातून एकच संचालक, असं कलम घालायचं ठरतंय. लिहिताना कशाची काळजी घ्यावी?

उत्तर: आधी ठरवा की कलम ‘सहमालक’ धरणार की ‘एका घरात राहणारे’. सहमालक लिहिलंत तर आई आणि मुलगा सुटतात. एका घरात राहणारे लिहिलंत तर वेगवेगळी दोन घरं असलेलं पण एकत्र राहणारं जोडपं अडतं. आम्हाला दुसरं अधिक योग्य वाटतं, कारण प्रश्न डीडवरच्या नावाचा नसून एका टेबलावर होणाऱ्या बोलण्याचा आहे. पण छोट्या वस्तीत उमेदवारच नसतात, म्हणून अपवाद ठेवा: रीतसर मुदतीनंतरही जागा रिकाम्या राहिल्या तर एकाच घरातला दुसरा येऊ शकतो, तो फक्त पुढच्या निवडणुकीपर्यंत, आणि त्या दोघांपैकी कोणी खजिनदार नसेल, सह्यांचा अधिकारही एकालाच.

एकाच निवडणुकीत दोघे निवडून आले तर कोण राहणार हे लिहा. जास्त मतं मिळालेला, आणि मतं समान असतील तर चिठ्ठी. मुदतीच्या मध्येच दोन संचालकांचं लग्न झालं किंवा ते एकत्र राहू लागले तर काय, हेही लिहा. बहुतेक कलमं इथेच मुकी असतात. ज्याची मुदत आधी संपते त्याने त्या मुदतीपर्यंत राहावं, पण फेरनिवडणुकीला उभं राहू नये, ही तोड भांडणाविना निभावते. आजच्या संचालकांना नियम कधीपासून लागू होईल याची तारीख घाला. आणि मसुदा सदस्यांपुढे नेण्याआधी संघटनेच्या वकिलाकडून ७२०व्या प्रकरणाशी आणि सीसीअँडआरशी ताडून घ्या, कारण काही अपवाद सोडता प्रत्येक सदस्य पात्र आहे असं ते प्रकरण म्हणतं. सीसीअँडआरमध्ये संचालकांच्या पात्रतेबद्दल वेगळं काही लिहिलेलं असेल, तर बायलॉजमधलं नवं कलम त्याच्यापुढे टिकणार नाही आणि आधी सीसीअँडआरच बदलावं लागेल. त्याला सहसा मतांची टक्केवारीही जास्त लागते.